मनगटी, कमरी आणि विहीर

यंत्रं आपसांत भांडायची, त्या काळची गोष्ट. तेजलची हालचाल मोजायला सरांनी तिच्या मनगटाला मनगटी बांधली अन् कमरेला कमरी. जिचा आकडा खरा, तीच शाळेत राहणार होती.

झिम्म्यात टाळ्या पडल्या, तशी मनगटी फुशारली, "बघ माझा आकडा!" फुगडीत मात्र तेजलचे हात गुंतले, पाय भिंगरीसारखे फिरले आणि कमरीचा आकडा वर चढला. मनगटीला रडूच फुटायचं बाकी होतं.

घामाघूम तेजलनं दोघींना विहिरीच्या काठावर काढून ठेवलं अन् धपकन उडी मारली. पाणी नुसतं घुसळून काढलं पोरीनं!

"या पोहण्याचे तुझे किती गं?" मनगटीनं हळूच विचारलं.

"शून्य. तुझे?"

"शून्यच!"

दोघी खो खो हसल्या.

"मग सरांना काय सांगायचं?" कमरीनं विचारलं.

"तेजललाच विचारा म्हणावं," मनगटी म्हणाली. "पण आत्ता नको. पोहू दे तिला."