त्रिशलाची दुसरी गाडी

“मग यातली कुठली घेऊ, माताजी?”

त्रिशलानं विचारलं, आणि उत्तराआधीच प्रत्युत्तर तयार ठेवलं.

तिला वाटलं होतं, माताजी परिग्रहावर बोलतील. एक गाडी दारात असताना दुसरीचा मोह कशाला, म्हणतील. ज्या बाईनं जन्मभर पायी चालायचं व्रत घेतलं, ती मोटरसायकलीबद्दल दुसरं काय बोलणार? येताना वाटेत तिनं वादाचे सगळे मुद्दे मनात नीट लावून ठेवले होते.

दिसलं ते वेगळंच. बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, पायरीवर एक दमलेली म्हातारी बसली होती. टाचांच्या भेगांत रस्त्याची माती भरलेली. मांडीवर मोरपिसांची पिच्छी, शेजारी कमंडलू. डोळे बारीक करून ती अंगणातल्या गाडीकडे बघत होती.

“ॲव्हरेज किती देते?” माताजींनी विचारलं.

“तुम्हीसुद्धा!”

“का गं? चुकीचं विचारलं?”

“गावोगाव हेच विचारतात सगळे. मी मातीचं बोलायला जाते आणि लोक गाडीभोवती गोळा होतात. ॲव्हरेज किती? टॉप स्पीड किती? बाईमाणसाला पेलते का?”

“मग तू काय सांगतेस?”

“काही नाही. विषय बदलते.”

माताजींनी मान हलवली.

शमितमती माताजी दीक्षेआधी याच भागात शाळेत गणित शिकवायच्या. त्रिशला मगदूम त्यांची विद्यार्थिनी. पुढं ती दूर, बर्फाच्या देशात जाऊन मातीचं शास्त्र शिकली आणि एक वेड घेऊन परत आली. नदीकाठच्या या पट्ट्यात उसाला पाणी पाजून पाजून जमिनी खारवल्या होत्या. रानात पांढरं मीठ फुटलं होतं. जमिनीखालून भोकं पाडलेल्या नळ्या घालायच्या, खारं पाणी त्यातून ओढ्याला काढून द्यायचं, की दोन-चार वर्षांत काळी माती परत काळी होते. हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्या माणसांना ते सांगितलं की झालं, असं तिला वाटायचं.

नळ्या एकाच्या रानातून दुसऱ्याच्या रानात जातात. म्हणून सगळ्यांचा होकार लागतो. आलमवाडीत सगळे तयार झाले होते. अडलं होतं एकट्या भरमू अण्णाशी. त्याचं रान सगळ्यात खाली, ओढ्याला लागून. त्यानंच वाट दिली नाही तर वरच्यांचं पाणी जाणार कुठं?

भरमू अण्णा नाही म्हणत नव्हता. होही म्हणत नव्हता. “बगू की,” म्हणायचा, आणि रानात निघून जायचा.

त्या रानापर्यंत त्रिशलाची गाडी जात नव्हती. तिची गाडी लांब पल्ल्याची आणि वेगाची. स्पोर्ट-टूरर म्हणतात तिला. हायवेला लागली की पाण्यासारखी जाते. काळ्या चिखलात मात्र म्हशीसारखी बसते. दोनदा बसली होती. दुसऱ्यांदा भरमू अण्णानंच ट्रॅक्टर लावून ओढून काढली, आणि सगळी आलमवाडी बांधावर उभी राहून हसली.

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं. पहिलीला जोड म्हणून दुसरी गाडी. ती मिळाली तर खालच्या रानापर्यंत पोचू, अण्णाला पटवू. नाहीतर परत जाऊ. तिकडच्या विद्यापीठानं जागा राखून ठेवली होती आणि आता ते उत्तर मागत होते.

“सांग बघू,” माताजी म्हणाल्या. “कुठल्या कुठल्या आहेत?”

त्रिशला सरसावून बसली.

“एक आहे हलकी, उंच, रानातली. चिखल, दगड, ओढा, कशातूनही जाते. पण सीटवर अर्धा तास बसवत नाही. दुसरी जुन्या वळणाची. एकच सिलिंडर, हळू चालते, गावातल्या रस्त्याला गोड. पण चिखलात तिचाही भरवसा नाही.”

“आणि तिसरी?”

“तिसरी छोटी. इथं घरोघरी असते ती. तिचा विचार केला नाही फारसा.”

“का?”

“घरोघरी असते म्हणून.”

माताजी गालात हसल्या.

“गणित साधं आहे, बाई…” त्रिशलानं जीभ चावली. “माताजी. पहिलीला जे जमत नाही, ते दुसरीनं करायचं. म्हणजे जोडी पुरी होते.”

“गणित मी सोडलं गं.”

“पण बरोबर आहे ना?”

“पहिलीला काय जमत नाही?”

“चिखल. बांध. आणि हळू जाणं.”

“हळू गेली की काय होतं?”

“तापते. पंखा सुरू होतो. क्लच धरून धरून हात भरून येतो. सकाळी तुम्ही पाहिलंच की.”

सकाळच्या विहारात, एका गावाहून दुसऱ्या गावी पायी जाताना, साध्वींच्या संघामागून ती गाडी चालवत आली होती. पहाटेच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर सुसाट जातात. चालणाऱ्या माताजींना मागून आडोसा हवा, म्हणून. माणसाच्या चालीनं चालता चालता गाडी चुलीसारखी तापली. शेवटी माताजीच थांबल्या होत्या. म्हणाल्या होत्या, “तू पुढं हो बाई. दया येते.”

“माझी?” तिनं विचारलं होतं.

“गाडीची.”

आता तेच आठवून त्रिशलाला हसू आलं. मग ते ओसरलं. तिनं हेल्मेट मांडीवरून खाली ठेवलं. खांद्यांत दुखत होतं, मनगटात दुखत होतं. कुठं दुखत नव्हतं ते आठवावं लागलं असतं.

“माताजी, खरं सांगू? तुम्ही मला रागवाल असं वाटलं होतं. एक असताना दुसरी कशाला, म्हणाल असं.”

“मी कशी म्हणेन? माझ्याही दोन आहेत.”

“दोन काय?”

माताजींनी हात केला. अंगणातल्या दोरीवर त्यांची पांढरी साडी वाळत होती. आर्यिकेला, म्हणजे दीक्षा घेतलेल्या साध्वीला, दोन साड्या. एक नेसायची, एक धुवायची. त्यापलीकडं कपड्याचा तुकडा नाही.

त्रिशलाला वादाचा मुद्दा आयताच मिळाला.

“बघा! मग मला का नको?”

“नको कुठं म्हटलं? एवढंच सांग. यातली दुसरी कुठली?”

त्रिशलानं दोरीकडं पाहिलं. मग माताजींच्या अंगावर पाहिलं. सूत तेच, पन्हा तोच, विटलेपणही तेच.

“ती… वाळते ती.”

“काल ती अंगावर होती.”

“मग ही. नेसलेली.”

“काल ही दोरीवर होती.”

“मग दुसरी कुठलीच नाही?”

“दोन तर दिसतात तुला.”

“माताजी, मी दमलेय. कोडी नका घालू.”

“कोडं नाही गं. एक वाळावी म्हणून दुसरी. एवढंच तिचं काम.” त्या थांबल्या. “तू कधी वाळतेस?”

त्रिशलानं दुखरं मनगट चोळलं.

ऊन तिरपं होऊन बस्तीसमोरच्या उंच मानस्तंभाच्या टोकाशी गेलं होतं. थोड्या वेळात सूर्य मावळणार. मावळला की माताजींचं मौन सुरू. मग सकाळपर्यंत शब्द नाही. त्रिशलाला ते ठाऊक होतं. तिची घाई झाली.

“वाळायला वेळ कुठाय? उद्या सकाळी शोरूमला कळवायचंय. विद्यापीठालाही कळवायचंय. उद्याच भरमू अण्णा खालच्या रानात उसाची लागण करणार आहे. एकदा ऊस लावला की वर्षभर नळ्या घालता येणार नाहीत. वर्षभर कोण थांबणार? वरचे लोकही मागं सरतील. माताजी, ही माती मरतेय आणि मी गाडीवाचून अडलेय!”

“गाडीवाचून?”

“हो.”

“भरमू रानात कसा जातो?”

“त्याच्या गाडीवरून. त्या छोट्या. मागं चाऱ्याचा भारा बांधून.”

“चिखलातून?”

“त्याला वाट माहीत आहे. कुठं घट्ट आहे, कुठं नाही…”

“तुला कधी म्हणाला नाही, चल म्हणून?”

त्रिशला चाचरली.

“म्हणाला होता. गाडी ओढून काढली त्या दिवशी. म्हणाला, ताई, बसा माझ्या मागं, बांधावर नेऊन सोडतो.”

“मग?”

“मी मागं बसत नाही, माताजी.”

“कुणाच्याच?”

“कुणाच्याच. शिकल्यापासून नाही बसले. चालवणारा कधी ब्रेक लावेल, कसं वळेल… आपल्या हातात काही नसतं. मला नाही जमत ते.”

“तुझ्या गाडीला आहे का मागं जागा?”

“आहे. तिच्यावर पेटी बांधलीय. मातीच्या तपासणीचं सामान.”

“पेटी छान आहे,” माताजी म्हणाल्या.

त्रिशलाला कळेना, हे कौतुक की काय. ती वाट बघत राहिली. माताजी उसाच्या तुऱ्यांमागं उतरणाऱ्या सूर्याकडं बघत राहिल्या…

“माताजी, एकच सांगा. उंच घेऊ, जुन्या वळणाची घेऊ, की काहीच न घेता जाऊ परत?”

माताजींनी तोंड उघडलं.

तेवढ्यात सूर्य गेला.

त्यांनी तोंड मिटलं. हात जोडले. त्रिशलाला रडू यायचं बाकी राहिलं.

माताजी उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू. सभामंडपात गेल्या. पिच्छीनं जमीन अलगद झाडली. किडामुंगी असेल तर बाजूला व्हावी म्हणून झाडतात तशी. प्रतिक्रमणाला, दिवसभराच्या चुकांची क्षमा मागायला, बसायची त्यांची जागा झाली.

पण त्या बसल्या नाहीत. वळल्या. आपल्या जागेच्या पाठीमागं आणखी थोडी जमीन झाडली. एक माणूस बसेल एवढी.

मग त्रिशलाकडं पाहिलं. आणि तिच्याकडं पाठ करून पुढं बसल्या.

त्रिशला दारात उभी. हातात किल्ली.

… …

थोड्या वेळानं ती आत गेली आणि झाडलेल्या जागेवर बसली. समोर काही दिसत नव्हतं. मूर्ती नाही, दिवा नाही. नुसती एक पाठ. श्वासाबरोबर वर-खाली होणारी. तिनं खांब टेकायला घेतला. टेकता टेकता मनगटातली कळ सुटली. मग खांद्यातली. कधी डोळा लागला, तिलाही कळलं नाही. कुणीतरी अंगावर चादर टाकली, तेवढं जाणवलं.

सकाळी ती जागी झाली तेव्हा अंगणात संघ निघायच्या तयारीत होता. दोरी रिकामी होती. दोरीवरची साडी अंगावर गेली होती, अंगावरची धुऊन, पिळून संघासोबतच्या एका श्राविकेच्या हातात होती.

बाहेर रस्त्यावर एक छोटी मोटरसायकल फटफटत थांबली. भरमू अण्णा. माताजींना हात जोडायला उतरला होता.

“वंदामि माताजी,” तो वाकून म्हणाला. वर मान करताना त्याला त्रिशला दिसली. “काय ताई, आज हितंच मुक्काम? गाडी दमली व्हय?”

“गाडी नाही अण्णा. मी.”

भरमू अण्णाला पुढचा टोमणा सुचला होता. तो त्यानं गिळला.

त्रिशलाचा फोन वाजला. शोरूमवाला. ती म्हणाली, “नको. एकही नको. हो, ठरलं.” मग दुसरा नंबर काढला, दूरच्या देशातला. तिकडं रात्र असणार, हे लक्षात आलं. चार शब्द लिहून पाठवले. ‘मी येत नाही. आभार.’ फोन खिशात टाकला आणि आपली मोठी गाडी बस्तीच्या भिंतीला लावून, हँडल वळवून लॉक केली.

“अण्णा, मागं जागा आहे का?”

“हाय की. भारा न्हाई अजून.” त्यानं तिच्या गाडीकडं पाहिलं. “पण ही?”

“राहू दे इथं.”

“आन् पेटी? ती मातीची?”

त्रिशलानं पेटीकडं पाहिलं.

“तीपण.”

अण्णानं सीट खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली. “घट्ट धरा बगा. वढ्याजवळ जरा नाचती. तुमच्या विमानासारखी न्हाई ही.”

ती बसली. हात कुठं ठेवावे ते कळेना. शेवटी मागचा दांडा धरला, दोन्ही हातांनी, आणि पुढं पाहिलं. समोर एक पाठ होती.

संघ निघाला होता. अनवाणी पावलं गाडीशेजारून पुढं गेली. त्रिशलानं मान वळवून हाक मारली.

“माताजी! दुसरी मिळाली!”

माताजी थांबल्या. आधी भरमूच्या गाडीकडं, मग त्रिशलाकडं पाहिलं. रात्रभराच्या मौनानंतर आवाज थोडा बसला होता.

“ॲव्हरेज विचारलंस का त्याला?”