हारा अधांतरी असताना

फार जुनी गोष्ट. एका कड्यावर राजाचं धान्याचं कोठार होतं आणि खाली नदीकाठी एक वाडी. पेरणीआधी वाडीचं बियाणं हाऱ्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत भरून, दोराने खाली सोडत. मधे कड्याचा फुगवटा होता, त्यामुळे वरच्याला लांबची शेतं दिसत, पण पायथ्याशी हारा टेकायची जागा दिसत नसे. आवाज तेवढा पोचे.

वर कोठावळा भिकोबा, खाली मुकादम तुळाजी. रीत साधी होती. खेपेला पोती किती, खाली हारा धरायला माणसं किती, हे आधीच ठरवायचं. बदल हवाच, तर हारा खाली टेकून रिकामा झाल्यावर विचारायचं. वरून होकार आला तर बदल, नाहीतर आधीचंच चालू. आणि एकदा बदललेलं त्या दिवशी पुन्हा उकरायचं नाही. शेंबड्या पोरालाही कळेल हो! पण तुळाजीला कळेल तर शपथ.

त्या दिवशी तीन पोती, सहा माणसं ठरलं. पहिला हारा निम्म्यावर आला नाही, तोच खालून आरोळी आली, "भिकोबा, पाच पोती घाला!"

"अरे, आधी हारा टेकू दे की!"

टेकला, रिकामा झाला. "पाच नको, चार!"

"बरं, चार!"

पुढचा हारा सुटला, की पुन्हा, "नाही नाही, पाचच!"

भिकोबाने कपाळावर हात मारला. "चार ठरलं ना? आता ब्र काढशील तर बघ!"

ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. शेवटची खेप तेवढी राहिली होती. तिच्यात तुळाजीच्या शेताचं बियाणं होतं, आणि वाडीत नांदणाऱ्या भिकोबाच्या लेकीचं, सगुणाचंही.

हारा सुटला. तो अधांतरी असतानाच तुळाजीने विचारलं, "आता तीन माणसं पुरेत ना?" आणि उत्तराची वाट न बघता तिघांना घरी पिटाळलं.

"नको रे बाबा, सहाच!" भिकोबा ओरडला. नाही म्हटलं म्हणजे सहा जण आहेतच, असं धरून तो दोर सोडत राहिला.

तिघांना हारा पेलला नाही. तो कलंडला आणि चारही पोती नदीत गेली.

"अहो, मी विचारलं होतं!" तुळाजी रडकुंडीला आला.

"विचारलंस रे! पण मी हो म्हटलं होतं का?"

त्या वर्षी सगळी वाडी हिरवी झाली. दोनच शेतं पडीक राहिली, एक तुळाजीचं आणि दुसरं काहीही चूक नसलेल्या सगुणाचं. कड्यावरून भिकोबाला ती रोज दिसत.

तात्पर्य: बदल नुसता मागून होत नाही, समोरचा हो म्हणेपर्यंत आधी ठरलेलंच पाळावं.