पुंगळीच्या आतलं तेल

खूप वर्षांमागची गोष्ट आहे. त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही, पण ही गोष्ट सांगताना माझं डोकं अजून तापतं. तेव्हा लहानांनो, मोठ्यांनो, आवाज चढला तर सांभाळून घ्या.

राज्याच्या कडेला जंगल होतं आणि जंगलात माणसं खाणारा वाघ होता. मोहाची फुलं वेचायला गेलेल्या बायका परत येतील की नाही, याचा नेम नसायचा. म्हणून त्यांच्यासोबत राजाचा राखणदार बंदूक घेऊन जायचा. त्या एका बंदुकीवर सगळ्या गावाची भिस्त होती.

राज्यात पितळ कमी. त्यामुळे उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या कुणी टाकत नसे. त्या राजाच्या दारूखान्यात, म्हणजे बंदुकीची दारू ठेवायच्या कोठारात, परत यायच्या आणि एक म्हातारी तांबटीण त्या पुन्हा भरण्याजोग्या करायची. राखणदार तिचाच धाकटा भाऊ.

ती पुंगळ्या चिंचेच्या पाण्यात घासायची आणि उन्हात उपड्या घालायची. बार उडाला की पुंगळी फुगते. तिला साच्यात दाबून मापात आणावं लागतं, आणि साच्यात ती अडकू नये म्हणून तेलाचं बोट फिरवावं लागतं. इथवर कुणालाही जमेल. खरं काम पुढचं. काडीला चिंधी गुंडाळून म्हातारी प्रत्येक पुंगळी आतून पुसायची, मग सूर्याकडे धरून, एक डोळा मिटून आत बघायची. आत तेल राहिलं की दारू भिजते आणि भिजलेली दारू पेटत नाही. एवढं साधं आहे हे!

पण दारूखान्याच्या दारोग्याला एवढं साधंही कळत नव्हतं. राजा दारूखाना बघायला येणार, असा निरोप आला आणि त्याची धांदल उडाली.

"म्हातारे, एकेक पुंगळी काय कुरवाळत बसलीस? कढईभर तेल घे, सगळ्या एकदम बुचकळ आणि साच्यातून काढ. वरून फडकं मार. लखलखल्या पाहिजेत!"

"आणि आतून?"

"आत कोण बघतंय?"

"दारू बघते, साहेब. आत तेल राहिलं तर बार उडायचा नाही. मला चार दिवस तरी द्या."

"मला शिकवतेस?" दारोगा खेकसला आणि त्यानं तिची काडी-चिंधी उचलून उकिरड्यावर फेकली.

संताप येतो की नाही? चाळीस वर्षं जिनं एक बार फुकट जाऊ दिला नाही, तिला हा गप्प बसवतो! पुंगळ्या तेलात बुडाल्या, साच्यातून निघाल्या, वरून पुसल्या गेल्या आणि तशाच भरल्या गेल्या.

राजा आला. काडतुसांच्या रांगा उन्हात झळकत होत्या. त्यानं एकही उचलून बघितलं नाही. "वा!" म्हणाला आणि दारोग्याच्या खांद्यावर मानाची शाल घातली.

म्हातारी भावाकडे धावली. "अरे, ही काडतुसं घेऊन जाऊ नकोस."

"अक्का, दुसरी देतंय कोण? मोह गळायला लागलाय. बायका थांबायच्या नाहीत, अन् मी त्यांना एकट्या सोडायचा नाही."

आठव्या दिवशी सकाळी वाघ वाटेवर आला. राखणदारानं नेम धरून चाप ओढला. नुसतं खट् झालं. दुसरं काडतूस घातलं. पुन्हा खट्. तिसरं घालायच्या आत वाघानं झडप घातली. बायकांनी आरडाओरडा करून, टोपल्या फेकून वाघाला हुसकावलं म्हणून राखणदाराचा जीव वाचला. उजवा हात मात्र कायमचा गेला.

म्हातारी तशीच दरबारात गेली. न उडालेली दोन्ही काडतुसं तिनं सगळ्यांसमोर उकलली. आतून दारू नाही, भिजलेल्या पिठासारखा काळा गोळा पडला.

"महाराज, तेल हिनंच लावलंय!" दारोगा ओरडला.

"लावलं मीच. पुसू दिलं नाहीत तुम्ही!" म्हातारी कडाडली. मग ती राजाकडे वळली. "अन् महाराज, तुम्हीसुद्धा वरूनच बघितलंत. एक तरी काडतूस उकलून दाखव म्हणाला असतात, तर माझ्या भावाचा हात आज जागेवर असता."

राजाची मान खाली गेली. तो दारोग्याला म्हणाला, "उद्यापासून मोहाच्या वाटेवर सगळ्यांच्या पुढे तू चालायचंस. बंदूक नव्या राखणदाराची, काडतुसं तू बघून दिलेली." मग त्याच्या खांद्यावरची शाल काढून म्हातारीला म्हणाला, "बाई, ही शाल तुमची."

म्हातारीनं शाल घेतली, दातांनी तिचा काठ तोडला आणि तिथंच टराटरा फाडून तिच्या चिंध्या केल्या. एक चिंधी कमरेला खोचलेल्या काडीला गुंडाळून तिनं दारोग्याच्या हातात दिली.

"घ्या, साहेब. आतून पुसा."

दारोगा त्या दिवसापासून प्रत्येक पुंगळी तीन-तीनदा सूर्याकडे धरून बघायला लागला. स्वतःचा जीव पुढे चालायला लागला तेव्हा! राखणदाराचा हात काही परत आला नाही.

बोध एवढाच : काम दिखाव्यासाठी उरकणारा शाल मिळवतो आणि त्याची किंमत दुसराच मोजतो, म्हणून शाबासकी देण्याआधी आत बघा.