वेसूच्या दिव्याची कहाणी

ऐका दर्यादेवा, तुमच्या काठची कहाणी. एक आटपाट बंदर होतं. तिथं एक राणी होती. बंदराच्या टोकाला उंच कट्टा, कट्ट्यावर मोठा दिवा. दिव्याचा वसा राणीकडे. वसा कसा करावा? दिवेलागणीला दिवा लावावा. मालवण्याआधी अनवाणी वाळूत उतरावं, दर्याकडे तोंड करून तीनदा विचारावं, "बाहेर कुणी आहे का?" कुणी "आहे" म्हणालं, तर दिवा ठेवावा. आळस करू नये, माणूस बघून वसा पाळू नये.

पहिल्या वर्षी राणी वाळूत उतरली. दुसऱ्या वर्षी पायरीवर थांबली. तिसऱ्या वर्षी गच्चीतूनच विचारू लागली, "गलबतं आली का गं?" दासी म्हणायची, "आली, बाईसाहेब." मग दिवा मालवायचा. होडग्यांचं कुणी विचारलं नाही.

त्याच बंदरात हिरू कोळीण राहायची. नवरा दर्यात गेला, तो आलाच नाही. पदरी लेक वेसू, धाकटा मुलगा धाकू. वेसूनं ऐकलं होतं, काळ्या बेटावर शंख आहे, तो फुंकला की हरवलेल्या होडीला घर सापडतं. मग बापाला घर सापडावं म्हणून तिनं होडी काढली. धाकू चढला. मागून राणीचा मुलगा, राजपुत्र, आला. "मलाही न्या."

"वल्हं मारता येतं?"

"नाही."

"मग पाणी उपस. राजा असलास तरी बसवून नेणार नाही."

पहिली लाट डोक्यावरून गेली. दुसरी शीड फाडून गेली. तिसरीनं होडी बेटावर टाकली. शंख सापडला. मुलं वाळूत नाचली. परत निघाली, तोवर सूर्य बुडाला. दूरवर दिवा दिसत होता. वेसूनं दिव्याच्या रोखानं होडी घातली. मग दिवा गेला.

वेसूनं शंख फुंकला. पहिल्यांदा पहारेकरी म्हणाला, "कोल्हा असेल." दुसऱ्यांदा दासी म्हणाली, "कुठं आरती असेल." तिसऱ्यांदा काठावर पोरांना शोधणाऱ्या हिरूनं ऐकला. ती राजवाड्यात धावली.

"बाईसाहेब, दिवा लावा. माझी पोरं बाहेर आहेत."

राणी जेवायला बसत होती. "गलबतं तर आली. होडग्यासाठी कुणी दिवा लावतं?"

"होडगंही त्याच पाण्यात बुडतं, बाईसाहेब."

मग पानं वाढली. राजपुत्राच्या पानावर कुणी बसेना. राणीनं हाक मारली, उत्तर नाही. ती ताटावरून उठली, अनवाणी धावली, दिवा लावला. वारा विझवू पाही, राणी पदर आडवा धरी.

उजाडलं. होडी आली. राजपुत्र उतरला. धाकू उतरला. होडीत शंख होता, वेसू नव्हती.

"होडी खडकात अडकली," धाकू म्हणाला. "वेसूबाय पाण्यात उतरली, तिनं ढकललं. मग दिवा लागला. आम्हाला वाट दिसली. बाय दिसली नाही."

राणी हिरूच्या पाया पडली. "मागशील ते देते."

"काय देशील? विचारायचं होतंस, ते विचार."

राणी वाळूत उतरली. दर्याकडे तोंड केलं. तीनदा विचारलं, "बाहेर कुणी आहे का?" हिरूनं तीनदा सांगितलं, "आहे. माझी वेसू आहे."

मग तो दिवा मालवलाच नाही. हिरू रोज उत्तर देई. ती गेली, धाकू उत्तर देऊ लागला. धाकू गेला, आता त्याच्या लेकी देतात.

राणीला दिवा उशिरा कळला, तुम्हांआम्हांला वेळेत कळो. हिरूवर आलं ते कुणा आईवर न येवो. बाहेर गेलेली तुमची लेकरं उजेडात घरी येवोत. साठा उत्तरांची ही कहाणी एका उत्तरापाशी थांबली. ती ऐकणारांना सुफळ होवो. संपूर्ण होईल ती वेसू आल्यावर.