राक्षसाचे तीन इंग्रजी शब्द

एक होती राणी. राजाही होता, पण आपली गोष्ट सुरू होते तेव्हा तो गलबतं घेऊन समुद्रावर गेला होता. राणीचं नाव इंदावती. राज्य एवढंसं, खाडीकाठचं.

एकदा काय झालं, समुद्रातून एक राक्षस चालत आला. डोंगराएवढा. आला आणि खाडीच्या तोंडात फतकल मारून बसला. मग काय, वाट बंद. राजाची गलबतं बाहेर अडकली. त्यांच्यावरचं गोडं पाणी संपत आलेलं, आणि काठावरून राणीला नुसती शिडं दिसायची.

राक्षस विलायतेचा होता, बरं का. तो एकच बोलायचा, "आय ॲम रॅव्हनस." लोकांना वाटलं, मी रावण आहे म्हणतोय. झालं, पळापळ. कुणी धनुष्यबाण काढले, कुणी रामनाम घेत बसले. राणी गोंधळली. रावण म्हणावं, तर तोंड एकच.

तिथे वाळूत एक म्हातारी कासवीण राहायची. सात समुद्र पोहून आलेली, तिला सगळ्या भाषा यायच्या. राणीने तिला विचारलं. कासवीण म्हणाली, "रॅव्हनस म्हणजे भुकेने कासावीस झालेला. 'द टायगर वॉज रॅव्हनस.' वाघाला अशी भूक लागली, अशी लागली, की तो गवत खायला निघाला."

मग राणीने भाताचे ढीग घातले, माशांच्या कालवणाने होड्या भरल्या. राक्षस जेवला. ढेकर दिला. पण उठला नाही. म्हणाला, "आय ॲम फरलॉर्न."

राणीला वाटलं, हे तर सोपं आहे, फराळ मागतोय. मग घरोघर कढया चढल्या. चकल्या झाल्या, करंज्या झाल्या, लाडू झाले. राक्षसाने त्या ढिगाकडे पाहिलं आणि तो रडायलाच लागला. त्याच्या आसवांनी खाडी फुगली, पाणी कोळ्यांच्या अंगणात आलं. राणी म्हणाली, फराळ बघून कोण रडतं?

ती परत कासविणीकडे गेली. कासवीण म्हणाली, "अगं, फरलॉर्न म्हणजे ज्याला आपलं म्हणणारं कुणी नाही तो. 'द कॅट लुक्ड फरलॉर्न.' बिऱ्हाड उठून गेलं, मांजर तेवढी दारात राहिली. तशी."

मग राणी एकटीच होडीत बसून गेली. राक्षसाच्या गुडघ्याशी होडी लावली. बोलायला शब्द नव्हते, म्हणून नुसती बसून राहिली. अर्धी करंजी तिने खाल्ली, अर्धी त्याला दिली. हळूहळू राक्षसाचं रडं थांबलं. मग तिने लांबच्या शिडांकडे बोट दाखवलं आणि हात जोडले. राक्षसाला कळलं. तो अर्धा उठला आणि परत मटकन बसला. "आय ॲम रिलक्टंट."

काठावरचे लोक ओरडायला लागले, तंटा करायचा म्हणतोय, राणीसाहेब, मागे फिरा. राणीने वल्हं उचललंही. पण दोनदा पोळलेली ती. होडीमागून पोहत आलेल्या कासविणीला तिने आधी विचारलं.

"रिलक्टंट म्हणजे ज्याचा पाय निघत नाही तो," कासवीण म्हणाली. "'द ब्राइड वॉज रिलक्टंट.' नवरी सासरी निघाली, पण..."

"पुढचं नको सांगूस," राणी म्हणाली. तिला तिच्या माहेरचं अंगण आठवलं.

मग ती राक्षसाला म्हणाली, "आय वॉज रिलक्टंट." म्हणजे माझाही पाय निघत नव्हता, बरं का. आणि पुढे आपल्याच भाषेत म्हणाली, "पण आमच्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत रे बाबा. 'येतो' म्हणतात."

कासविणीने त्याला ते समजावलं. राक्षसाला आधी काही उमगेना. जायचं आणि येतो म्हणायचं, हे कसं? त्याने तो शब्द तोंडात घोळवला, चुकला, परत घोळवला. मग होडी हलू नये अशा बेताने उठला आणि म्हणाला, "येतो."

खाडी मोकळी झाली. गलबतं आत आली, राजा घरी आला, सगळे पोटभर पाणी प्यायले. आणि राक्षस खरंच यायचा हो. दर वर्षी यायचा, खाडीच्या बाहेर बसायचा, राणीशी दोन गोष्टी बोलून जायचा. सगळे सुखात राहिले. तुम्हीही आता पांघरुणात शिरा बघू. मिटा डोळे.