सुपातून गळणारे तीळ

एका गावात एक बुरूड होता. त्याला बायको होती, दोन लेकी होत्या आणि नाकाच्या शेंड्यावर राग होता. हात मात्र असा गुणी, की त्याच्या सुपाची वीण नुसती बघत राहावी.

बाजाराच्या दिवशी लोक सूप उचलायचे, फिरवून बघायचे आणि म्हणायचे, "वा! काय वीण आहे!" बुरूड खुलायचा.

एकदा वरच्या आळीतली म्हातारी आत्या महिन्यापूर्वी नेलेलं सूप घेऊन बाजारात आली. तिने त्यात मूठभर तीळ टाकले, दोनदा पाखडले. निम्मे तीळ तिच्या पायांवर!

"बघ रे बाबा, गळतंय."

"आत्या, पाखडायला हात लागतो! नाचता येईना अंगण वाकडं!"

सारा बाजार हसला. म्हातारीने तीळ वेचले, पदरात बांधले आणि निघून गेली.

त्या दिवसापासून बुरडाला कुणी काही बोललं नाही. लोक यायचे, वीण बघायचे, 'वा' म्हणायचे, अन् सूप खाली ठेवून पुढे जायचे. एक बाजार गेला, दोन गेले, तीन गेले. घरात पिठाच्या मडक्याचा तळ दिसू लागला.

एके दिवशी बायको शेजारणीकडे ताक मागायला गेली. बघते तर काय, आपल्या नवऱ्याने विणलेलं सूप गोठ्यात, आणि त्यात गोवऱ्या!

"अगं बाई, हे काय?"

शेजारीण ओशाळली. "धान्य राहत नाही गं त्यात, फटी पडतात. पण तुझ्या धन्याला सांगणार कोण? आत्याची गत बघितली की सगळ्यांनी."

बायकोने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. बुरूड तणतणला, "मग तोंडावर 'वा' कशाला म्हणतात?"

"तुम्हाला दुसरं काही चालतं का?"

तो उठला आणि आत्याच्या दारात जाऊन बसला.

"आत्या, कुठं चुकतं तेवढं सांगा."

"का रे? मलाच पाखडता येत नव्हतं ना?"

"हात तुमचे धड होते, आत्या. कान माझे बंद होते."

म्हातारी हसली. "ओला बांबू विणतोस, लेका. हाताला मऊ लागतो, भराभर वळतो. बाजारात घट्ट दिसतो, पण घरी वाळला की आक्रसतो. माझ्या माहेरचा बुरूड पट्ट्या महिनाभर सावलीत वाळवायचा, मग भिजवून विणायचा."

बुरूड घरी आला. कोपऱ्यात वीस नवी सुपं रचलेली होती, सगळी ओल्या बांबूची. परवा जत्रा होती.

बायको हळूच म्हणाली, "दिसायला घट्ट आहेत. विकली जातील."

"विकली जातील. अन् महिन्याने वीस गोठ्यांत जातील."

त्याने एकही सूप जत्रेत नेलं नाही. महिनाभर पट्ट्या सावलीत वाळल्या, आणि घर कण्यांवर अन् पाल्याच्या भाजीवर राहिलं.

मग विणलेलं पहिलं सूप त्याने महिनाभर घरातच वापरलं आणि आत्याकडे नेलं. आत्याने तीळ टाकले, पाखडले, पुन्हा पाखडले. एक तीळ सांडला नाही. तिने कडेवरून बोट फिरवलं. "कड जरा जाड झालीय हं."

बुरूड हसला, तिथेच बसला आणि कड तासू लागला.

पुढे त्या पंचक्रोशीतली एकही लेक त्याच्या सुपाशिवाय सासरी गेली नाही. नव्या मालातलं पहिलं सूप मात्र आधी आत्याच्या दारी जायचं, मग बाजारात. बुरडाच्या घरचं मडकं पिठाने काठोकाठ भरलं, ते पुन्हा कधी तळाला गेलं नाही. तसंच तुमचंही भरलेलं राहो.

तात्पर्य: खोट दाखवणाऱ्याला हसून घालवू नये, तो गेला की मागे नुसती 'वा' उरते, आणि तिने पोट भरत नाही.