सोळा पत्र्यांचा दरवाजा

बाळांनो, आणि पेंगायचं सोंग करून ऐकणाऱ्या आजोबांनो, ही गोष्ट फार फार वर्षांपूर्वीची. एका डोंगरावर एक किल्ला होता आणि त्या किल्ल्याला एकच दरवाजा होता.

तिथली एक रीत होती. नवा राजा गादीवर बसला की त्याने दरवाजाला बाहेरून लोखंडाचा एक जाड पत्रा ठोकायचा आणि त्यावर आपलं नाव कोरायचं. पणजोबांनी ठोकला, आजोबांनी ठोकला, चार महिने राज्य केलेल्या काकांनीही हौस भागवून घेतली. असे पंधरा पत्रे झाले. पूर्वी दोन पहारेकरी दरवाजा उघडत, आता वीस जण घामाघूम होत. लोक मात्र कौतुकाने म्हणत, दरवाजा असावा तर असा.

मग सोळावा राजा गादीवर आला. तो तरुण होता, हौशी होता आणि मनाने वाईट नव्हता. किल्ल्यावरच्या म्हाताऱ्या गवंड्याने त्याला सांगितलं की पत्रा राहू द्या, दरवाजा ज्या भिंतीत बसवलाय ती भिंत कमजोर झालीय. दरवाजा हलला की बिजागरीजवळचा चुना भुरभुर गळतो. तिथे चांगला दगड आणि चुना भरायला हवा. राजाने विचारलं, मग माझं नाव कुठे कोरायचं? सगळा दरबार हसला. गवंड्याला काही हसू आलं नाही, पण राजापुढे बोलणार किती? तो घरी निघून गेला.

सोळावा पत्रा बसला. सगळ्यांत जाड, वर पितळी किनार.

पुढच्याच महिन्यात खबर आली की शत्रू मोठी फौज घेऊन निघालाय. गडावर सैनिक होते जेमतेम पन्नास. राजाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने शेजारच्या राज्यात बहिणीच्या नवऱ्याकडे निरोप धाडला. मेहुणा दिलदार, त्याने तीनशे स्वारांची कुमक पाठवली. ती दुपारी दरवाजाशी येऊन पोचली, तेव्हा लांबच्या खिंडीत शत्रूच्या घोड्यांची धूळ दिसू लागली होती.

वीस जणांनी जोर लावला. मग चाळीस जणांनी लावला. दरवाजा तसूभरही हलेना. त्याच्या वजनाने भिंत खचली होती आणि तो खाली उंबऱ्यात रुतून बसला होता. गडावरची माणसं आत, त्यांना वाचवायला आलेली माणसं बाहेर, आणि शत्रू संध्याकाळपर्यंत येणार. बायका लेकरांना पोटाशी धरून बसल्या. राजा स्वतः धावत गवंड्याच्या घरी गेला.

गवंडी दरवाजा पाहून म्हणाला, "महाराज, वजन उतरवल्याशिवाय हा उचलायचा नाही. सगळ्यांत वरचा पत्रा आधी काढावा लागेल, आणि तो आपला आहे."

राजाला क्षणभर फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? मग त्याने तटावरून बाहेरच्या तीनशे चेहऱ्यांकडे पाहिलं.

"काढा, बाबा," तो म्हणाला. "माझ्या नावापायी माझी माणसं मरायला नकोत."

गवंड्याला पहारींसकट मोठ्या पाटीत बसवून दोराने तटाबाहेर सोडलं. पाटी गरगर फिरली तसा तो वरच्यांना शिव्या घालू लागला, आणि इतक्या धास्तीतही लोकांना हसू आलं. त्याने दाखवावं तिथे स्वारांनी पहारी लावल्या. राजाचा पत्रा खणखणत पडला, मग वडिलांचा, मग काकांचा. बारा पत्रे उतरल्यावर आतल्यांनी दरवाजाखाली ओंडके घालून तो उचलला आणि एका बाजूला सरकवला. घोडे आत आले, दरवाजा लागला, त्याला आतून टेकू दिले गेले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

शत्रू आला. तटावर भालेच भाले पाहून त्याच्या सेनापतीने थोडा विचार केला आणि काढता पाय घेतला.

दुसऱ्या दिवसापासून गवंड्याने भिंत बांधायला घेतली. चुन्याची घमेली वाहणाऱ्यांत राजाही होता, आणि घमेलं कलतं धरल्याबद्दल त्याने गवंड्याची बोलणीही खाल्ली. तेव्हापासून तिथे नवी रीत पडली. नवा राजा गादीवर बसला की आधी गवंड्याच्या दारी जातो आणि विचारतो, "बाबा, कमी कुठे पडतंय?"

तात्पर्य : भक्कम असेल तिथे घातलेलं बळ ओझं होतं, कमी पडेल तिथे घातलं तरच त्याचा आधार होतो.